बांधा आणि काम : थकलेल्या कुत्र्याकडे पाहायला शिकताना

जर्मन शेफर्डची पैदास सुरू करू इच्छिणारी तरुण मंडळी नागपुरात माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : मादी शो लाइनची (प्रदर्शनासाठी जोपासलेल्या वंशाची) घ्यावी की वर्किंग लाइनची (कामासाठी जोपासलेल्या वंशाची)? चौदा वर्षांपूर्वी मीही हेच विचारले होते आणि मिळालेल्या उत्तरापायी माझी पहिली पाच वर्षे भरकटण्यात गेली. बांधा वेगळा आणि काम वेगळे, त्यांतले एक निवडायचे, हे गृहीतक त्या प्रश्नातच दडलेले असते.

1899 साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी होरांड नावाचा कुत्रा पायाभूत मानून या जातीची संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्यासमोर मेंढ्यांच्या कळपाच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने फिरणारा प्राणी होता. नराची उंची 60 ते 65 सेंटिमीटर आणि वजन 30 ते 40 किलो ही जातीची प्रमाणभूत मापे त्या चालीला साजेशीच आहेत. आजही जर्मन पद्धतीत पैदाशीसाठी निवडल्या जाणाऱ्या कुत्र्याला सायकलबरोबर 20 किलोमीटर धावण्याची परीक्षा द्यावी लागते आणि धाव संपल्यावर त्याच्या पायांचे तळवे तपासले जातात. या तळवे तपासण्यातले शहाणपण मला फार उशिरा कळले.

माझी पहिली मादी प्रदर्शनाच्या रिंगणात उभी राहिली की लोक थबकून पाहत. तिच्या मागच्या पायांतला बाक खूप खोल होता आणि त्यामुळे पाठ उतरती, देखणी दिसे. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराला राखणीसाठी तिची पिल्ले हवी होती. मी मादीच घेऊन गेलो. तिला न्याहाळून तो म्हणाला, "दिसाले तं मस्त हाये तुमची कुत्री, पण रातभर बगीच्यात फिरन का?" त्या रात्री दीड तासातच ती राखणदाराच्या खाटेखाली येऊन झोपली. मला राग आला तो तिच्या आळसाचा. पण दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्याने तिला चालवत नेले, तेव्हा तिसऱ्या किलोमीटरपासून मागच्या पायांची नखे रस्त्यावर खरवडल्याचा आवाज येऊ लागला. अति बाक असलेल्या पायाला प्रत्येक पावलाला शरीर तोलून धरण्यासाठी जास्त स्नायू लावावे लागतात. ते दमले की टाचा आत वळतात आणि पाय नीट उचलला जात नाही. उभ्या कुत्र्यात हे दिसत नाही. म्हणून कोणताही नर किंवा मादी पसंत करण्यापूर्वी ती आठव्या किलोमीटरला कशी चालते, हे पाहावे. हिवाळ्यातल्या पहाटे गोरेवाड्याकडच्या रस्त्याने सायकल काढली की तासाभरात जे कळते, ते दहा छायाचित्रांतून कळत नाही.

या परीक्षेत नागपूरचा उन्हाळा स्वतःची भर घालतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नसल्याने त्याची उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर पडते. आता गंध शोधणाऱ्या कुत्र्याचा विचार करा. तोंड उघडून धापा टाकत असताना त्याला नीट हुंगता येत नाही. म्हणजे जो लवकर तापतो, त्याचे नाक लवकर निकामी होते, मग त्याची शोधण्याची ओढ कितीही दांडगी असो. मोठ्या डोक्याचा, 43-44 किलोंचा, दाट अस्तराच्या केसांचा नर रिंगणात रुबाबदार वाटतो, परंतु वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी पडत असल्याने तो तापतो लवकर आणि निवतो उशिरा. माझ्याकडच्या 32-33 किलोंच्या, मध्यम हाडाच्या नराने वर्धा रोडलगतच्या शेतात एप्रिलच्या सकाळी त्याच्याहून कितीतरी जास्त वेळ माग काढला आहे. 'हाड भरपूर हवे' हा आपल्याकडचा लाडका आग्रह मला तेव्हापासून खटकतो.

मात्र यावरून केवळ काम पाहून पैदास करावी असा अर्थ काढू नका, कारण माझी दुसरी आणि अधिक महागात पडलेली चूक नेमकी तीच होती. एक नर इतक्या जिद्दीचा होता की चेंडूसाठी तो भिंत चढून जाई. त्याच्यापासून दोन लिटर, म्हणजे पिल्लांची दोन वेते, मी घेतली. पाचव्या वर्षी त्याला घराच्या पायऱ्या चढवेनात. एक्स-रे काढला तेव्हा कमरेचे दोन्ही सांधे खराब निघाले. जिद्दी कुत्रा दुखणे कामाखाली झाकतो, म्हणून त्याची चाल पाहून फसगत होते. तेव्हा एक्स-रे आधी, जोड नंतर. आंतरराष्ट्रीय पद्धतीत एक्स-रे पाहून कमरेच्या सांध्यांना 'ए' (निर्दोष) ते 'ई' (सर्वांत खराब) अशी श्रेणी दिली जाते. या एक्स-रेसाठी वयाची किमान अट वेगवेगळी असली, तरी मी स्वतः दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबतो. त्या नराची चार पिल्ले आज कुठे आहेत, हे मला माहीत नाही, आणि त्यांचा विचार मनातून जात नाही.

जोड निवडताना नवखे लोक आणखी एक सरळ गणित मांडतात : मादीचा बाक जास्त आहे, तर सरळ पायांचा नर आणावा, म्हणजे पिल्ले मध्यम होतील. तसे होत नाही. असे गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने एकाच लिटरमध्ये दोन्ही टोकांची पिल्ले निघतात, आणि मध्यम निघालेली पिल्लेही पुढच्या पिढीत ते दोष पुन्हा वर आणू शकतात. नर त्या अंगाने अचूक हवा, उलट्या दोषाचा नव्हे. स्वभावाचेही असेच आहे. भित्र्या मादीला आक्रमक नर लावला, तर भीतीपोटी चावणारी पिल्ले होण्याचा धोका असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार व्यवसाय म्हणून पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. सातव्या आठवड्यात पिल्लांच्या चाचण्या मीही घेतो, पण त्यांवरून मोठेपणीच्या कामाचे भाकीत करणे मी सोडले आहे.

त्याऐवजी प्रत्येक पिल्लू दोन वर्षांचे होईपर्यंत घेणाऱ्याला दर सहा महिन्यांनी फोन करतो आणि वहीत नोंद ठेवतो : वजन किती, फटाक्यांना घाबरते का, घरात शांत बसते का, जिने कसे चढते. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये गेलेल्या पिल्लाची नोंद बगिच्यात गेलेल्या पिल्लाइतकीच उपयोगी पडते. काटोलच्या त्या बागायतदाराकडे आता माझ्याच एका मादीची मुलगी आहे. गेल्या हिवाळ्यात मी एक रात्र तिथे काढली; पहाटे ती बांधावरून परत आली, तेव्हा मी आधी तिची मागची नखे पाहिली.