फेंगडे पाय: घाई कुठे चुकते, दिरंगाई कुठे नडते

बाळ धरून धरून उभं राहायला लागलं की घरातल्या सगळ्यांची नजर त्याच्या पायांकडे जाते. घोटे जुळलेले, पण गुडघ्यांमध्ये ठळक फट. लगेच कारणांचा शोध सुरू होतो: डायपर जाड होता का, लवकर उभं केलं का, मालिश कमी पडली का. डायपरचा आणि मालिशचा इथे काहीही संबंध नाही. लवकर उभं राहिल्यानेही निरोगी हाड वाकत नाही. अंगाने बऱ्याच जड असलेल्या मुलांचा एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

फेंगड्या पायांबाबत दोन उलट्या चुका होतात. जिथे नुसतं थांबायचं असतं तिथे उपाय सुरू होतात आणि जिथे धावायचं असतं तिथे ‘होतील मोठेपणी सरळ’ म्हणत वर्षं जातात. आपण यातल्या कोणत्या बाजूला आहोत, हे बाक किती दिसतो यावरून फारसं कळत नाही. मुलाचं वय किती, बाक दोन्ही पायांत सारखा आहे का आणि तो कमी होतोय की वाढतोय, या तीन गोष्टी जास्त सांगून जातात.

दोन वर्षांच्या आत पाय ‘सरळ करायला’ निघणं

गर्भात पाय दुमडलेले असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बाळ थोडे बाकदार पाय घेऊनच जन्माला येतं. साधारण दीड ते दोन वर्षांत ते सरळ होतात. पण तिथेच थांबत नाहीत. ते उलट्या दिशेला जातात. तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे एकमेकांना घासतात आणि घोटे लांब राहतात. मग सहा-सात वर्षांपर्यंत पाय मोठ्या माणसासारखे दिसायला लागतात. सॅलेनियस आणि वँक्का या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९७५ साली मुलांच्या पायांचे कोन मोजून हे वेळापत्रक मांडलं. बालअस्थिरोगतज्ज्ञ आजही त्याच्याच आधारे पालकांना धीर देतात. दीड वर्षाच्या मुलाच्या बाकाने धास्तावलेले पालक त्याच मुलाच्या चौथ्या वर्षी ‘आता गुडघे घासतात’ म्हणून पुन्हा दवाखाना गाठतात. दोन्ही खेपेला उत्तर बहुधा एकच असतं: वाट पाहा.

या काळात पाय दाबून मालिश करणं, रात्री दोन्ही पाय एकत्र बांधणं, खास बूट घालणं, पट्टे लावणं यांचा उपयोग नाही. पाय एरवीही सरळ होणारच असतात आणि श्रेय बुटांना मिळतं. पाय बांधण्यात तर खरा धोका आहे. तान्ह्या बाळाचे पाय ताणून, जुळवून घट्ट गुंडाळले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही, प्रसंगी निखळतो. गुडघ्याची नसलेली तक्रार घालवताना खुब्याची खरी तक्रार ओढवून घेण्यात काय हशील?

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणं

रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, म्हणून मोजावं. मूल उताणं झोपवा किंवा उभं करा, गुडघ्यांच्या वाट्या सरळ समोर येतील असे पाय फिरवा, घोट्यांच्या आतल्या बाजू एकमेकींना टेकवा आणि दोन्ही गुडघ्यांमधलं अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी एकदा पुरे. सोबत त्याच अंतरावरून, त्याच उंचीवरून काढलेला एक फोटो ठेवा. डॉक्टरांसाठी असे चार फोटो ‘बाई, पूर्वीपेक्षा जास्तच वाटतंय’ या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचे असतात. अंतर ६ सेंटिमीटरच्या पुढे असेल किंवा वाढत असेल, तर तपासणी टाळू नये.

वाटी समोर आणायची सूचना किरकोळ वाटते, पण निम्मा गोंधळ तिथेच होतो. अनेक लहान मुलांच्या नडगीच्या हाडाला आतल्या बाजूला पीळ असतो. पाऊल आत वळतं, ते सरळ ठेवायला मूल गुडघे बाहेर फिरवतं आणि पाय आहेत त्यापेक्षा जास्त वाकडे दिसतात. हा पीळही बहुतेक मुलांत वाढीबरोबर आपोआप सुटतो.

दोन वर्षांनंतरही ‘होतील सरळ’ म्हणत बसणं

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट पाहायचं वय संपलं असं समजावं:

- दोन वर्षांनंतर बाक कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय, किंवा तीन पूर्ण झाली तरी पाय बाहेरच वाकलेले आहेत
- एकच पाय वाकलाय, किंवा एक दुसऱ्यापेक्षा बराच जास्त
- बाक सबंध पायात पसरलेला नसून गुडघ्याच्या लगेच खाली एकदम कोन केल्यासारखा आहे
- चालताना पायावर भार आला की गुडघा बाहेरच्या बाजूला झटका खातो
- उंची वयाच्या मानाने कमी आहे, मूल लंगडतं, दुखतं म्हणतं, किंवा आईवडिलांपैकी कुणाचे पाय असेच आहेत

एका पायाचा बाक हा ‘वयाचा भाग’ क्वचितच असतो. जुनं फ्रॅक्चर, हाडाचा संसर्ग, गाठ किंवा ब्लाउंटचा आजार, काहीही निघू शकतं.

ब्लाउंटचा आजार समजून घ्यायला हवा, कारण सुरुवातीला तो अगदी नैसर्गिक बाकासारखा दिसतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९३७ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हाड लांबीला वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. या पट्टीवर सतत जास्त दाब आला तर तिथली वाढ मंदावते. लवकर चालायला लागलेल्या जड मुलाचे पाय मुळातच थोडे बाहेर वाकलेले असतील, तर नडगीच्या वरच्या टोकाच्या आतल्या बाजूवर दाब वाढतो. आतली बाजू मागे पडते, बाहेरची वाढत राहते, बाक वाढतो आणि बाकामुळे दाब आणखी वाढतो. हे चक्र आपोआप थांबत नाही. एक्स-रेवर नडगीच्या वरच्या भागाचा एक ठरावीक कोन मोजतात. तो १० अंशांच्या आत असला तर बहुधा काळजी नाही, १६ अंशांच्या पुढे गेला तर ब्लाउंटचा दाट संशय. ज्यांचा कोन या दोहोंच्या मध्ये येतो, त्या मुलांना काही महिन्यांनी पुन्हा बघायचं.

तीन वर्षांच्या आत निदान झालं तर मांडीपासून पावलापर्यंतचा पट्टा लावून पाहतात, पण तो किती उपयोगी पडतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पट्ट्याने भागलं नाही तर हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया चार वर्षांच्या आत झालेली बरी. नंतर केली तर बाक परत येण्याची शक्यता वाढते. किशोरवयातही हा आजार सुरू होतो, अनेकदा वजन जास्त असलेल्या मुलांत आणि एकाच पायात. तेव्हा पट्ट्याचा उपयोग नसतो.

मुडदूस आहे असं धरून ‘ड’ जीवनसत्त्व पाजत राहणं

बाक दिसला की कॅल्शियम, आणि त्यावर ‘ड’चे मोठे डोस, हा सल्ला कुणीही देतं. मुडदूस हे बाकाचं महत्त्वाचं कारण आहे, यात वाद नाही. हाडात खनिजं बसत नाहीत, मऊ हाड भाराने वाकतं. पण मुडदूस नुसत्या पायात नसतो. मनगटं रुंद होतात, फासळ्यांच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी लागतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, कपाळ पुढे येतं, मूल चालायला उशीर करतं. यातलं काही नसताना नुसत्या बाकावरून औषध सुरू करणं चुकीचं, आणि यातलं काही असताना तपासण्यांशिवाय सुरू करणंही चुकीचंच.

तपासण्या नेहमीच्याच असतात: मनगटाचा आणि गुडघ्याचा एक्स-रे, रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ‘ड’ जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड हार्मोन आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. इथे एक खाचखळगा आहे. लहान मुलांचा फॉस्फरस मोठ्यांपेक्षा जास्त असायला हवा. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल, तर कमी असलेला आकडाही ‘नॉर्मल’ वाटतो. अल्कलाइन फॉस्फटेजचं उलट आहे: वाढत्या वयात ते मुळातच जास्त असतं, म्हणून मोठ्यांच्या मापाने निरोगी मूलही आजारी ठरतं. रिपोर्ट वयाच्या मापानेच वाचून घ्या.

फॉस्फरसवर एवढा भर यासाठी की मुडदुसाचा एक आनुवंशिक प्रकार असा आहे ज्यात मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जातं. त्याला साधं ‘ड’ जीवनसत्त्व कितीही पाजलं तरी पाय सुधारत नाहीत. फॉस्फेट आणि ‘ड’चं सक्रिय रूप द्यावं लागतं. २०१८ पासून बुरोसुमॅब हे इंजेक्शनही उपलब्ध झालं आहे, ते फॉस्फेट वाहवणाऱ्या हार्मोनलाच अडवतं. ‘दोन वर्षं औषध देतोय, फरक नाही’ असं कुणी म्हणालं, तर सर्वांत आधी हाच प्रकार किंवा मूत्रपिंडाचा विकार तपासायला हवा.

आहारातल्या कमतरतेमुळे झालेला मुडदूस मात्र औषधाला छान दाद देतो. एक ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ३,००० ते ६,००० युनिट ‘ड’, किमान तीन महिने, आणि आहारातून वा गोळ्यांतून मिळून रोज निदान ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, अशी उपचाराची मात्रा असते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला २,००० युनिट. ही मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्याची आहे. निरोगी तान्ह्या बाळाला प्रतिबंध म्हणून ४०० युनिट पुरतात. मोठे डोस मनाने पुन्हा पुन्हा दिले तर रक्तात कॅल्शियम चढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा.

आणि औषध चालू असताना शस्त्रक्रियेची घाई नको. लहान मुलात हाड बरं व्हायला लागलं की बराच बाक आपोआप निघतो. रक्तातलं गणित जुळण्याआधी हाड कापलं, तर ते पुन्हा वाकतं.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात एका घरातल्या नव्हे, आसपासच्या अनेक मुलांचे पाय वाकलेले दिसतात. तिथे आधी पाण्याचा नमुना तपासायचा.

झोपून काढलेला, फक्त गुडघ्याचा एक्स-रे

भिंत तिरकी आहे का, हे एका विटेकडे पाहून कळत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून, वाट्या समोर ठेवून काढलेला लांब एक्स-रे हवा. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ मारली तर ती गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतून जायला हवी. ती आत किती सरकली आणि दोष मांडीच्या हाडात आहे की नडगीच्या, यावर पुढचं सगळं ठरतं. एमआरआय झोपून होतो. तो गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) आणि कूर्चा दाखवतो, पायावरचा भार दाखवत नाही. महागडी तपासणी झाली म्हणजे हा साधा एक्स-रे नको, असं होत नाही.

वाढ संपेपर्यंत थांबणं, किंवा प्लेट बसवून विसरणं

वाढत्या मुलात हाड न कापताही पाय सरळ करता येतो. ग्रोथ प्लेटच्या जास्त वाढणाऱ्या बाजूला दोन स्क्रूंची छोटी धातूची प्लेट बसवून ती बाजू तात्पुरती रोखतात आणि दुसरी बाजू वाढून कोन भरून काढते. बाक महिन्यागणिक अगदी थोडा कमी होतो, म्हणून वाढ शिल्लक असावी लागते. मुलींची साधारण १४ आणि मुलांची १६ वर्षांच्या आसपास संपते. दहावीनंतर बघू म्हणणाऱ्यांची ही संधी गेलेली असते.

उलट चूक म्हणजे प्लेट बसली की तपासणीला न जाणं. प्लेट आपलं काम थांबवत नाही. पाय सरळ होऊन उलट्या बाजूला वाकतो. दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि वेळेवर प्लेट काढणं हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे. काढल्यावरही काही मुलांत बाक थोडा परततो, म्हणून वाढ संपेपर्यंत लक्ष ठेवायचं.

मोठ्यांनी व्यायामाने हाड सरळ होईल असं मानणं

गुडघ्यांत उशी दाबणं, पट्ट्याने पाय बांधून झोपणं, ‘३० दिवसांत सरळ पाय’. हे व्हिडिओ पाहून केलेल्या व्यायामाने मांड्यांचे स्नायू सुधारतात, उभं राहण्याची ढब सुधारते, फट किंचित कमी दिसूही शकते. वाढ संपलेल्या हाडाचा कोन बदलत नाही. व्यायाम जरूर करावा, पण वेदना कमी व्हाव्यात आणि गुडघा भक्कम राहावा यासाठी. बुटात बाहेरच्या बाजूला उंच केलेला तळवा घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो, मात्र गुडघेदुखीत त्याचा फायदा अभ्यासांत फारसा दिसलेला नाही.

लहानपणापासून दोन्ही पाय थोडे बाकदार आहेत आणि दुखत नाहीत, अशा माणसाला बहुधा काहीच करायची गरज नसते. चाळिशी-पन्नाशीत नव्याने बाक आला, किंवा एका पायात वाढत चालला, तर गोष्ट वेगळी. गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजली, किंवा जुन्या दुखापतीत आतली गादी काढलेली असली, की आतल्या बाजूची जागा कमी होते, पाय बाहेर वाकतो, भार आणखी आत सरकतो. हाडं मऊ होण्याचा विकार आणि पॅजेटचा आजारही (यात हाड बेढब आणि कमजोर घडतं) मोठेपणी पाय वाकवतात, म्हणून नुसती झीज समजून रक्त तपासणी टाळू नये.

झीज फक्त आतल्या बाजूला असेल, माणूस साठीच्या आतला आणि हिंडता-फिरता असेल, तर नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून भार बाहेरच्या चांगल्या कूर्चेवर सरकवता येतो आणि स्वतःचा गुडघा बरीच वर्षं टिकतो. इथली चूक म्हणजे गोळ्यांवर दिवस काढत सगळा सांधा झिजू देणं. तोवर पर्याय उरतो तो सांधा बदलण्याचाच.

फक्त दिसण्यासाठी हीच शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी धोके आधी ऐकून घ्यावेत: हाड न जुळणं, संसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पाऊल उचलणाऱ्या नसेला इजा. आणि तंबाखू-सिगारेट आधी काही आठवडे पूर्ण बंद, हाड जुळेपर्यंत बंदच. अनेक शल्यविशारद ती सोडल्याशिवाय तारीखच देत नाहीत आणि ते बरोबरच करतात.