आई-बाळाचं पोर्ट्रेट काढताय? आधी हात बघा

आई आणि बाळ काढायचं म्हटलं की बहुतेक जण दोन चेहरे आधी काढून घेतात आणि बाकीचं नंतर बसवतात, मग दोघं शेजारी बसलेले अनोळखी लोक वाटतात. माझं म्हणणं, सुरुवात हातापासून करा. अमेरिकन चित्रकार मेरी कसाटचं १८९३ चं 'द चाइल्ड्स बाथ' नेटवर झूम करून बघा (मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे). आईचा एक हात पोरीच्या कमरेभोवती, दुसऱ्यानं ती पाऊल धुतेय, दोघींची नजर खाली पाण्यात, समोर कोणीच बघत नाहीये आणि तरी काय माया आहे त्यात!

बाळ काही पोझ देणार नाही, ते दूध पिताना किंवा झोपलेलं असताना चारकोलनं पटापट स्केचेस करा, फोटो काढायचे तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश अजिबात नको. मग कॅनव्हासवर दोघांचा मिळून एकच बाहेरचा आकार पकडा, डोळे बारीक करून बघितलं की तो लगेच दिसतो. साडी असेल तर पदराचा छान उपयोग होतो, दोघांना एकत्र बांधून ठेवतो. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका पुण्यात राहायचे, त्यांनी येशूच्या आईला, मेरीला, साडीत रंगवलंय, त्यांची चित्रं जरूर बघा.

प्रमाण सांभाळा. तान्ह्या बाळाची उंची साधारण चार डोक्यांएवढी, मोठ्या माणसाची साडेसात. बाळाचे डोळे चेहऱ्याच्या मध्याच्या खाली येतात, कपाळ मोठं, नाक आखूड. हे चुकलं की बाळ म्हातारं दिसतं.

आता हात. बाळाला वजन असतं हो, आईची बोटं त्याच्या मांडीत थोडी रुततात, बोटांच्या कडेनं मांस वर येतं, तिथं एक बारीक गडद सावली द्या. सावलीसाठी काळा घेऊ नका, बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) जरासा अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरतो. गाल गालाला टेकतो तिथं मात्र रेघ ठेवायचीच नाही, ओल्या रंगातच कोरड्या ब्रशनं हलकेच दोन्ही रंग एकमेकांत मिसळू द्या.

चेहऱ्याचं बारीक काम शेवटी, आणि आईचं हसू तर अगदीच शेवटी, बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही.