फोर्कच्या प्रॅक्टिकलआधी

लिनक्सवरच्या सिस्टिम प्रोग्रॅमिंग आणि शेल स्क्रिप्टिंगची लॅब या सत्रात तुमच्या गळ्यात पडली असेल, तर बॅच दारात यायच्या आत एवढं उरकून ठेवा. वीज, प्रोजेक्टर, यूपीएस हे सांगायला नको. जळगावचा उन्हाळा असेल तर सर्व्हरच्या खोलीतला एसी मात्र स्वतः जाऊन बघा.

पहिलं काम प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, संख्येवरच्या मर्यादेचं. गेल्या खेपेला मी तेच विसरलो. तीन वेळा फोर्क केलं, म्हणजे प्रोसेसची प्रत काढली, तर ‘हॅलो’ किती वेळा छापलं जाईल, हा नेहमीचा प्रश्न, उत्तर आठ. एकाने सहज म्हणून लूपमधला ३ खोडून २० केला. दोनाचा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६ प्रोसेस. सर्व्हर जागच्या जागी बसला, मागच्या बाकावरून ‘काय व्हयनं रे भो?’ सुरू झालं आणि सगळ्यांचं न साठवलेलं काम गेलं. पोराची चूक नव्हती. आकडा बदलून बघावा, हे आपणच शिकवतो.

तर ईटीसीतल्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये लिमिट्स डॉट कॉन्फ फाइल असते, तिथे विद्यार्थ्यांच्या ग्रुपला एनप्रॉकची (प्रोसेसच्या संख्येची) हार्ड मर्यादा, म्हणजे त्यांना स्वतः वाढवता न येणारी, लावा. टर्मिनलवरून लॉगिन करणाऱ्याला २०० पुरतात. डेस्कटॉप उघडणार असतील तर जास्त द्या, कारण यात थ्रेडही मोजले जातात आणि ब्राउझर एकटाच पुष्कळ खातो. ही मर्यादा लॉगिन होताना लागू होते, आधीच आत बसलेल्याला नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या खात्यातून नव्याने आत शिरून युलिमिट या आज्ञेला यू पर्याय देऊन आकडा बघा. रूटमधून (अ‍ॅडमिनच्या खात्यातून) बघून समाधान मानू नका, रूटला ती अडवतच नाही. आणि ‘स्टुडंट’ नावाचं एकच खातं सगळ्या बॅचला देऊ नका! मर्यादा खात्यामागे असते. एकाने फोर्कचा पसारा मांडला की बाकीच्यांना फाइलींची यादी दाखवणारं साधं एलएससुद्धा चालवता येत नाही. प्रत्येकाला वेगळं खातं. कंटाळवाणं आहे, करा.

तरी कोणी अडकलंच, तर प्रोसेस एकेक मारत बसू नका. एक मारेपर्यंत दुसरी जन्मते. रूटवरून पीकिल या आज्ञेने त्या खात्याच्या सगळ्या प्रोसेसना आधी स्टॉप, मग किल.

इन्स्टॉल काय हवं? जीसीसी (कंपायलर), जीडीबी (डीबगर), एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं) आणि मॅन पानांचं, म्हणजे मदतपानांचं, डेव्हलपर पॅकेज. ते नसेल तर ‘मॅन २ फोर्क’ला कोरं उत्तर येतं. आदल्या दिवशीच घाला, ऐन तासाला नेटच्या भरवशावर राहू नका.

चोपडा, यावल, रावेरकडून येणारी बरीच मुलं घरी विंडोजवर स्क्रिप्ट लिहून पेनड्राइव्हमध्ये आणतात. ओळीच्या शेवटी विंडोजचं न दिसणारं जादा चिन्ह असलं की ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं आणि पोरं स्पेलिंग तपासत बसतात. ते चिन्ह काढणारं डॉस-टू-युनिक्स घालून ठेवा. फाइल आधी होम फोल्डरमध्ये घ्यायला लावा, पेनड्राइव्हच्या फॅट फॉरमॅटवर सीएचमॉडने दिलेली चालवायची परवानगी टिकत नाही. काही जण स्क्रिप्ट एसएच लावून चालवतात, उबंटूत ६.१० पासून, म्हणजे २००६ पासून, एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश हा वेगळा शेल. दुहेरी चौकटी कंस तिथे चालत नाही.

सरावाला तीच ती कर्मचारी-पगाराची फाइल नको. केळीच्या भावाची बनवा: तारीख, गाव, क्विंटल, दर. कोणता रकाना कशाचा हे रावेरच्या पोराला सांगावं लागत नाही, ऑक, म्हणजे रकान्यांवर काम करणारी आज्ञा, थेट सुरू होतं. गावांची नावं देवनागरीत ठेवलीत तर गम्मत आहे: ‘केळी’ शब्दाचीच लांबी घ्या, ऑकचा एक प्रकार एमऑक १२ सांगतो, यूटीएफ-८ लोकेलमध्ये दुसरा प्रकार जीऑक ४. एक बाइट मोजतो, दुसरा अक्षरचिन्हं. अर्धा तास यावर सहज जातो, जाऊ द्या.

वेट, झॉम्बी, पाइप: उदाहरणं आधी चालवून बघा. प्रिंटएफचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं की फोर्कनंतर मजकूर दुप्पट दिसतो, बफरमुळे; कोणीतरी विचारणारच. शेअर्ड मेमरीच्या प्रॅक्टिकलनंतर आयपीसीआरएम आज्ञेने उरलेल्या मेमरीची झाडलोट. सुट्टीत सर्व्हर कोणी नव्याने इन्स्टॉल केला असेल तर लिमिट्सची फाइल पुन्हा कोरी झालेली असते, एनप्रॉक परत लावा. जर्नलच्या सह्या त्या त्या आठवड्यात. बाकी लॅब असिस्टंटला माहीत असतं.