मुका मार लागल्यावर या चुका टाळा

दाराची कड दंडाला लागली किंवा पायरीवरून घसरून मांडी आपटली, की घरात कुणीतरी म्हणतंच, "चोळ जरा, बरं वाटेल." नेमकं हेच करू नका. वरची कातडी शाबूत असली तरी आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळलं की रक्त आणखी पसरतं आणि डाग मोठा होतो. बाम रगडणंही त्यातलंच.

पहिले दोन दिवस गरम शेकही नको, त्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं धरा, दिवसातून तीन-चार वेळा. तो थेट कातडीवर ठेवू नका, नाहीतर थंडीनेच कातडी भाजते. हातापायाला लागलं असेल तर उशीवर उंच ठेवा. कोमट शेक 48 तासांनंतर.

कातडी फाटलेली नसेल तर आंबेहळद किंवा रक्तचंदन उगाळून लावायला हरकत नाही. हळद-चुन्याचा लेप मात्र मला अजिबात मान्य नाही. चुना दाहक असतो, लहान मुलांची कातडी त्याने सहज भाजते. दुखतंय म्हणून मनानेच ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त गोठायला वेळ लागतो, पॅरासिटामोल चालते. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मनाने बंदही करू नका.

चार-सहा दिवसांनी डाग हिरवट, मग पिवळट होतो. पू झाला म्हणून घाबरू नका. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हळूहळू तुटत जातं, त्याचे हे रंग. साधारण दोन आठवड्यांत सगळं निवळतं.

तोवर लग्नकार्य आलं की झाकायची घाई होते आणि आपल्यापेक्षा उजळ कन्सीलर थापला जातो. निळ्यावर फिकट थर दिला की तो राखाडी दिसतो. आधी डागाचा रंग दबवायला हवा: निळ्या-जांभळ्या डागावर गव्हाळ वर्णाला पीच, सावळ्याला नारिंगी करेक्टर, डाग पिवळा पडल्यावर फिकट जांभळा. हिरवा फक्त लालसरपणासाठी. बोटाने टेकवत पातळ थर द्या, घासू नका. तो बसला की आपल्याच शेडचा कन्सीलर आणि वर थोडी पावडर. खरचटलेल्या जागी मेकअप नकोच.

काही डाग मात्र झाकायचे नसतात. मार न लागता अंगावर डाग उठत असतील, तापात उठले असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागून दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं झालं, तर लगेच हॉस्पिटल गाठा. आणि डाग कुणाच्या हाताने उठला असेल, तर कन्सीलर लावण्याआधी त्याचा फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवून ठेवा. महिलांसाठीची 181 हेल्पलाइन रात्रीही चालू असते.