गायब झालेला रेस ट्रॅक शोधायचा कसा? आधी आकार बघा, तारखा नंतर

अमेरिका, कॅनडातल्या जुन्या रेस ट्रॅकच्या इतिहासात शिरायचं म्हटलं की बहुतेक जण विजेत्यांच्या याद्या उघडून बसतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. माझं ऐका, आधी ट्रॅकचा आकार बघा, कारण त्या जागेवर आधी काय होतं ते आकारच सांगून टाकतो.

कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, जुन्या फोटोंची टाइमलाइन चालू करा आणि रूलर घेऊन ट्रॅकची एक फेरी मोजा. साधारण अर्धा किंवा एक मैल भरली, दोन बाजू सरळ आणि वळणं जवळपास सपाट, तर तो मूळचा जत्रेच्या मैदानातला घोड्यांचा ट्रॅक असण्याची शक्यता जास्त. विस्कॉन्सिनमधला मिलवॉकी माइल हा ट्रॅक तसाच, तिथे गाड्यांची पहिली शर्यत १९०३ मध्ये झाली आणि डांबर पडलं थेट १९५४ ला! लांबच लांब रुंद पट्ट्या एकमेकींना छेदताना दिसल्या की समजायचं जुना विमानतळ. फ्लोरिडातलं सेब्रिंग हे दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी विमानतळ, १९५० पासून तिथे शर्यती होतात आणि धावपट्टीच्या काँक्रीटचे सांधे अजूनही गाड्यांची हाडं खिळखिळी करतात. आणि एक टोक रुंद, दुसरं अरुंद असं काही दिसलं तर जमिनीचा मालक शोधा. साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनचा ट्रॅक (१९५०) अंड्यासारखा झाला कारण जमीन विकणाऱ्याला त्याचं माशांचं तळं बुजवायचं नव्हतं, बस, एवढंच कारण.

पुढची पायरी जुने नकाशे. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था, तिच्या टोपोव्ह्यू साइटवर एकाच भागाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या फुकट मिळतात, त्या ओळीने लावून बघा, एकीत ओव्हल (लंबगोल ट्रॅक) आहे आणि पुढचीत नाही म्हणजे ट्रॅक त्या दोन वर्षांच्या मधे कधीतरी गेला. फक्त कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा, कारण काही नकाशे जुनेच असतात आणि नंतरच्या हवाई फोटोंवरून केलेली भर त्यात जांभळ्या रंगात छापलेली असते, म्हणजे एकाच कागदावर दोन वेगळी वर्षं. हवाई फोटो हवे असतील तर यूएसजीएसचीच अर्थएक्स्प्लोरर साइट, कॅनडासाठी त्यांची नॅशनल एअर फोटो लायब्ररी.

लाकडी ट्रॅकच्या बाबतीत मात्र सॅटेलाइटचा काही उपयोग नाही. १९१० ते १९३० च्या काळात फळ्या कडेवर आडव्या ठोकून जबरदस्त उताराचे ओव्हल बांधायचे, ऊनपावसात काही वर्षांत ते सडायचे आणि जमीन महाग झाली की विकून मोकळे. बेव्हर्ली हिल्सचा ट्रॅक १९२० ते १९२४ एवढाच चालला, त्या जागेत आज बेव्हर्ली विल्शर हॉटेल आहे. अशांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरची जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात, आणि शोधताना नुसतं स्पीडवे टाकून भागत नाही, मोटरड्रोम आणि फेअरग्राउंड्स पण टाकून बघा.

ट्रॅक कधी सुरू झाला याचं एकच उत्तर लिहू नका बरं का. इंडियानापोलिसची पहिली स्पर्धा गाड्यांची नव्हतीच, जून १९०९ मध्ये तिथे बलून उडवले होते. ऑगस्टमध्ये मोटरसायकली आल्या, मग गाड्या आल्या, खडी आणि डांबराचा ट्रॅक उखडला, माणसं मेली, आणि वर्ष संपायच्या आत ३२ लाख विटा बसवल्या. पहिली ५०० मैलांची शर्यत १९११ ची. आता यातली 'सुरुवात' कुठली धरायची? मी तर सगळ्या तारखा लिहितो आणि समोर काय झालं ते पण लिहितो. लांबीचंही तेच, डार्लिंग्टन सुरुवातीला १.२५ मैल होता, आता १.३६६ आहे, म्हणून लांबीच्या पुढे वर्ष हवंच.

जागेवर काहीच उरलं नसेल तर रस्त्यांची नावं वाचा. कॅलिफोर्नियातला ऑन्टारियो मोटर स्पीडवे १९७० ला सुरू झाला, १९८० ला बंद पडला, पुढे पाडला, पण त्या भागात आज फेरारी आणि ड्यूसेनबर्गच्या नावांचे रस्ते आहेत. प्रत्यक्ष जायचंच असेल तर नॉर्थ कॅरोलिनातल्या हिल्सबरोचा ऑकोनीची स्पीडवे सोपा, १९६८ ला बंद झालेला मातीचा ट्रॅक आता सगळ्यांसाठी खुली पायवाट आहे. बाकी ठिकाणी जमीन खासगी असू शकते, तेव्हा कुंपण ओलांडायच्या आधी मालकाला विचारा.