चित्रपटावरचे अभ्यासलेख कसे शोधाल?

परीक्षण चित्रपट लागला त्याच आठवड्यात येते आणि तो पाहावा की नाही ते सांगते. अभ्यासलेखाला तळटीपा असतात, संदर्भसूची असते, आणि तो बरेचदा कित्येक वर्षांनी लिहिला जातो. म्हणून विषय निवडताना अगदी ताजा चित्रपट घेऊ नका, हाती फारसे लागत नाही.

समजा, प्रभात फिल्म कंपनीचा १९३६चा 'संत तुकाराम' घेतला. गूगल स्कॉलरवर (गूगलची अभ्यासलेख शोधण्याची सेवा) नुसते नाव टाकलेत तर गाथा, अभंग, वारकरी संप्रदाय यांवरचेच लेख पुढे येतात. नाव अवतरणचिन्हांत घाला आणि पुढे दिग्दर्शकांची नावे दामले, फत्तेलाल किंवा प्रभात जोडा. मराठी चित्रपटांवरचे पुष्कळ संशोधन इंग्रजीत आहे, तेव्हा हाच शोध रोमन लिपीतही घ्या. फत्तेलाल हे नाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघा. एक चांगला लेख मिळाला की त्याखालच्या 'साइटेड बाय'वर क्लिक करा. त्याचा आधार घेऊन नंतर लिहिलेले लेख तिथे दिसतात, आधीचे त्याच्या संदर्भसूचीत. निम्मे काम इथेच होते.

पूर्ण लेख वाचायला जेस्टोर या अभ्यासपत्रिकांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खाते उघडा. महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. शोधाचा प्रकार 'आर्टिकल्स' ठेवा, नाहीतर पुस्तक-परीक्षणांची गर्दी होते. तुमच्या महाविद्यालयाने एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ई-पुस्तके, ई-नियतकालिके पुरवणारी योजना) सदस्यत्व घेतले असेल, तर लॉगिनसाठी ग्रंथपालांना भेटा. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. स्कॅन केलेल्या मराठी प्रबंधात आतला शब्द शोधून सापडत नाही, पाने चाळावीच लागतात.

आता पुस्तके. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासूनचे आहे, सुरुवात तिथून करा. इंग्रजी ग्रंथांसाठी कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. बाहेरच्यांसाठीचे नियम आधी विचारून घ्या. पुस्तके विषयवार अंकांनी लावण्याची ड्यूई वर्गीकरण पद्धत असेल तिथे चित्रपटाचा वर्गांक ७९१.४३. फसगत होते ती संपादित ग्रंथांत: ग्रंथालयाच्या तालिकेत पुस्तकाचे नाव असते, आतल्या लेखांचे बहुधा नसते. त्यामुळे कपाटापाशी उभे राहून प्रत्येक ग्रंथाची अनुक्रमणिका आणि शेवटची नामसूची बघा. चित्रपटाचे नाव सलग पाचसहा पानांवर दिसले तर तिथे खरी चर्चा आहे. एखाद्याच पानावर असेल तर नुसता उल्लेख.

जुनी कात्रणे, पुस्तिका लागणार असतील तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. चित्रपटाचे नाव, वर्ष आणि काय हवे ते कळवून, वेळ ठरवूनच जा.