टाचेच्या कडेला दाबाने येणाऱ्या गाठी: या चुका टाळा

उभं राहिलं की टाचेच्या कडेला छोट्या गाठींची रांग वर येते आणि पाय उचलला की ती नाहीशी होते. गाठी कातडीच्याच रंगाच्या किंवा किंचित पिवळट असतात. डॉक्टर त्यांना पिएझोजेनिक पेडल पॅप्युल्स म्हणतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. टाचेतली चरबी तंतूंच्या छोट्या कप्प्यांत बसवलेली असते. अंगाचा भार पडला की त्यातली थोडी चरबी त्वचेच्या कमकुवत जागेतून वर ढकलली जाते, म्हणजे एक प्रकारचा चिमुकला हर्नियाच. 1968 मध्ये शेली आणि रॉन्सली या डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, तेही दुखणाऱ्या पायांच्या संदर्भात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या गाठी मुळीच दुखत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कुरूप समजून कॉर्न पट्टी चिकटवणं. या पट्टीत बहुधा सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते जाड झालेली कातडी मऊ करून सोलून काढतं. इथे कातडी जाड झालेलीच नसते, त्यामुळे चांगली त्वचा भाजते, जखम होते आणि गाठ आपली जागच्या जागी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना तर ती जखम उशिरा कळते. वजरीने घासणं आणि सुईने टोचणं हेही त्याच जातीचे उद्योग. आत पू नसतोच, मग निघणार काय?

शंका असेल तर आधी पाय वर घेऊन बघा. कुरूप आणि चामखीळ भार काढल्यावरही तिथेच राहतात. कुरूप कडक लागतं. चामखिळीत बऱ्याचदा काळे ठिपके दिसतात आणि ती दोन बाजूंनी चिमटीत धरली तर दुखते. भार असो वा नसो, गाठ कायम असेल, वाढत असेल किंवा तिचा रंग बदलत असेल, तर ती डॉक्टरांना दाखवाच.

दाखवायला गेल्यावरही एक गंमत होते. आपण तपासणीच्या टेबलावर आडवे, आणि टाच अगदी गुळगुळीत! म्हणून उभं राहूनच दाखवा, नाहीतर उभं असताना फोटो काढून न्या.

टाच दुखते म्हणून या गाठींवर खापर फोडायची घाईही नको. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना तळव्याच्या बाजूने कळ येत असेल, तर प्लांटर फॅसायटिसची, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्ट्याच्या दुखण्याची, शक्यता जास्त. गाठींचं दुखणं सहसा बराच वेळ उभं राहिल्यावर गाठीच्याच जागी होतं आणि बसलं की उतरतं.

दुखत असेल तर नुसती मऊ इनसोल घालून भागत नाही, भाराखाली ती चपटी होते. टाचेला बाजूंनी धरून ठेवणारा हील कप जास्त उपयोगी. त्याने चरबीला कडेला सरकायला वाव कमी मिळतो. मागून उघड्या चपलेत हा आधार मिळत नाही. उभं राहण्याचा वेळ आणि जास्तीचं वजन कमी केल्यानेही आराम पडतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन निवडक दुखऱ्या रुग्णांनाच देतात आणि ते वारंवार घेतल्यास टाचेची चरबी झिजू शकते. न दुखणाऱ्या गाठींसाठी, केवळ दिसायला बऱ्या वाटत नाहीत म्हणून, मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

सांधे नको तितके वाकत असतील किंवा त्वचा फार ताणली जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. एहलर्स-डॅनलॉस या संयोजी ऊतींच्या, म्हणजे त्वचा-सांध्यांना आधार देणाऱ्या ऊतींच्या, आजारात अशा गाठी दिसतात.